थडग्यातून उठून जायचं कुठे?

जगाच्या अंती मेलेली माणसं आपापल्या थडग्यांतून सदेह उठतील, ही ख्रिस्ती धर्मातल्या मूळ श्रद्धांपैकी एक. आत्मा अमर आहे एवढ्यावर हा धर्म थांबत नाही. हाडामांसाचा देह पुन्हा उभा राहील, असं तो सांगतो. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं हा प्रसंग रंगवला. रणशिंगं फुंकणारे देवदूत, दुभंगलेलं आकाश, एका अंगाला स्वर्ग आणि दुसऱ्या अंगाला आगीत लोटले जाणारे पापी, असा त्याचा थाट ठरून गेला होता. स्टॅन्ली स्पेन्सर या इंग्रज चित्रकाराने १९२४ ते १९२७ या काळात त्याच प्रसंगाचं जवळजवळ साडेपाच मीटर रुंद चित्र काढलं, आणि त्यात यातलं काहीही नाही. त्याची माणसं उठतात ती मनसोक्त झोप झाल्यासारखी. कुणी थडग्याच्या दगडाला रेलून उभं आहे, कुणी फुलाचा वास घेतं आहे, कुणी वेलींनी झाकलेल्या थडग्यावर अजून लोळतंच आहे. चर्चच्या पोर्चवर पांढरी फुलं लगडली आहेत. तिथे ख्रिस्त तान्ह्या मुलांना कुशीत घेऊन बसला आहे आणि त्याच्या मागे पिता परमेश्वर उभा आहे. वर डाव्या कोपऱ्यात थेम्स नदी दिसते. उठलेली माणसं सहलीच्या आगबोटीत बसून तिच्यातून स्वर्गाला निघाली आहेत.

चित्राचं नाव ‘द रेझरेक्शन, कुकम’. पत्त्यासारखं. पुनरुत्थान साऱ्या मानवजातीचं, पण ते घडतं बार्कशरमधल्या एका लहान गावाच्या चर्चच्या आवारात.

धर्माचा एक जुना प्रश्न इथे उभा राहतो. देव सर्वत्र असेल तर एखादी जागा दुसरीपेक्षा अधिक पवित्र कशी? आणि ती आपली स्वतःची जागा असेल, आपण तिथे जन्मलो एवढ्याच कारणाने ती आपल्याला पवित्र वाटत असेल, तर त्या वाटण्याला धर्मात काही किंमत आहे का?

कुकम हे लंडनच्या पश्चिमेला सुमारे ४५ किलोमीटरवर, थेम्सच्या वळणावर वसलेलं गाव. पलीकडच्या तीरावर क्लिव्हडनची दाट झाडी चुनखडीच्या उंच कड्यावरून थेट पाण्यापर्यंत उतरते. अलीकडची बाजू सखल. इथे नदी अनेक फाट्यांत विभागली जाते आणि त्या फाट्यांच्या मधे सॅशेस, फॉर्मोसा, ऑडनी अशी बेटं तयार होतात. पाणी चढलं की गावाच्या पश्चिमेचं मोकळं माळरान, कुकम मूर, भरून जातं; म्हणूनच त्यावरून जायला उंच बांधलेली पायवाट आहे. गाव एक असलं तरी वस्त्या तीन: नदीकाठचं जुनं कुकम, १८५४ साली रेल्वे आल्यावर स्टेशनाभोवती वाढलेलं कुकम राइझ, आणि टेकडीवरचं कुकम डीन. १८६७ चा लोखंडी पूल नदी ओलांडतो. पुलाजवळच बाराव्या शतकातलं होली ट्रिनिटी चर्च आहे. स्पेन्सरच्या चित्रातलं आवार ते हेच.

ही जागा पवित्र आहे असं म्हणणारा स्पेन्सर पहिला नव्हता. आठव्या शतकात मर्सिया आणि वेसेक्स ही दोन अँग्लो-सॅक्सन राज्यं एकमेकांशी झगडत होती आणि थेम्सच्या या पट्ट्यावर दोघांचाही डोळा होता. कुकममध्ये एक मठ होता. मर्सियाचा राजा एथेलबाल्ड याने तो कँटरबरीच्या चर्चला दान दिला. दान पक्कं व्हावं म्हणून त्याने जमिनीचे कागद तर पाठवलेच, शिवाय कुकमच्या मातीचं एक ढेकूळ पाठवलं आणि ते कँटरबरीच्या वेदीवर ठेवायला लावलं. पुढे आर्चबिशप कथबर्ट वारल्यावर दोघांनी ते कागद चोरले आणि वेसेक्सचा राजा किनेवुल्फ याच्या हाती दिले. नंतर किनेवुल्फला पश्चात्ताप झाला, त्याने कागद परत केले. दरम्यान मर्सियाच्या ऑफा राजाने त्याच्याकडून कुकम हिसकावून घेतलं होतं, तेही कागदांवाचून. ७९६ साली ऑफा वारला. त्याची विधवा राणी किनेथ्रिथ मठाधिपती झाली, कुकमचा मठ तिच्या ताब्यात होता, आणि ७९८ साली धर्मसभेत आर्चबिशपशी तिची तडजोड झाली: मठ तिच्याकडे राहील, बदल्यात केंटमधल्या जमिनी कँटरबरीला मिळतील.

हा मठ नेमका कुठे होता ते शतकानुशतकं कुणाला ठाऊक नव्हतं. २०२१ साली रेडिंग विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांना होली ट्रिनिटी चर्चला लागून असलेल्या मोकळ्या जागेत त्याचे अवशेष सापडले. लाकडी इमारतींच्या खुणा, स्वयंपाकाची भांडी, खाण्यातून उरलेली हाडं, एक नाजूक कांस्य कंकण. राणीच्या मठातलं रोजचं जगणं चर्चच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर मातीखाली पडून होतं.

वेदीवरचं ते ढेकूळ मात्र विसरण्याजोगं नाही. राजाला कागदावर भागवता आलं असतं. पण देवाला द्यायची ती जागा स्वतः देवासमोर हजर व्हायला हवी, असं तेव्हाच्या लोकांना वाटत होतं. आणि त्याच जागेपायी चोरी झाली, जबरदस्ती झाली, राजेराजवाड्यांत आणि धर्मगुरूंत वर्षानुवर्षं वाद चालला. जागा पवित्र ठरली की तिच्यावर हक्क सांगणारे येतातच.

बाराव्या शतकात याच चर्चला चिकटून एका खोलीत एक एकांतवासिनी राहत होती. अशा स्त्रिया स्वेच्छेने कोंडून घेत, मरेपर्यंत बाहेर पडत नसत. दुसरा हेन्री राजा तिला रोज अर्धा पेनी देत असे. जगाची सगळी रुंदी सोडून तिने चार भिंतींएवढी जागा निवडली आणि देव इथेच भेटेल म्हणून तिथे बसली. राणीची जागा आणि तिची जागा एकाच चर्चच्या अंगणातली, पण जागेशी असलेलं नातं पार वेगळं.

स्पेन्सरचा जन्म १८९१ चा, गावच्या हाय स्ट्रीटवरच्या ‘फर्नली’ या घरातला. घर आजोबांनी बांधलेलं. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि मुलांना जमवून बायबल मोठ्याने वाचून दाखवत. आई वेस्लीपंथी, मेथडिस्ट. मुलगा तिच्याबरोबर साध्या, बिनमूर्तीच्या प्रार्थनाघरात जाई. या दोन परंपरा जागेकडे दोन डोळ्यांनी पाहतात. अँग्लिकन चर्च बिशपच्या हातून पवित्र करून घेतलेलं असतं, त्याच्या जमिनीला मान असतो. मेथडिस्टांचा संस्थापक जॉन वेस्ली शेतात, चौकात, खाणीच्या तोंडाशी प्रवचनं देत हिंडला. त्याला कुठलीही जागा चालली. मुलाने दोन्ही घेतलं: जागेला मान द्यायचा हे चर्चकडून, आणि कुठलीही जागा चालते हे प्रार्थनाघराकडून. गावातली लाँड्री, धक्का, माल्टचं कोठार, शेजाऱ्यांच्या बागा या सगळ्यांना त्याने वेदीचा मान देऊन टाकला. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकायला गेला तेव्हा तो रोज संध्याकाळच्या गाडीने घरी परते. सहाध्यायांनी त्याचं नावच ‘कुकम’ पाडलं.

त्याचं १९२० चं ‘क्राइस्ट कॅरिइंग द क्रॉस’ हे चित्र जवळून पाहण्यासारखं आहे. ख्रिस्त क्रूस घेऊन निघाला आहे तो फर्नलीच्या दारावरून. घर आयव्हीच्या वेलीने मढलेलं आहे. सगळ्या खिडक्यांतून माणसं बाहेर वाकून बघताहेत, आणि त्यांच्या पाठीमागचे जाळीचे पडदे वाऱ्याने असे फुगले आहेत की त्या माणसांना पंख फुटल्यासारखे दिसतात. खाली रस्त्यात शिड्या खांद्यावर घेतलेले बांधकामावरचे गडी आहेत. ख्रिस्ताच्या खांद्यावरचं लाकूड आणि त्यांच्या खांद्यावरच्या शिड्या एकाच चालीने निघाल्या आहेत. त्या चित्राला कुणी शोकचित्र म्हणावं हे स्पेन्सरला पसंत नव्हतं. सुताराचा मुलगा आपल्या कामाला निघाला आहे, जसे गावातले इतर कामाला निघतात, असं त्याला दाखवायचं होतं. ‘द लास्ट सपर’मध्ये शिष्य बसले आहेत ते कुकमच्या माल्टच्या कोठारात, विटांच्या भिंतीशी, टेबलाखाली पाय लांबवून.

‘स्वॉन अपिंग ॲट कुकम’ची कल्पना त्याला चर्चमध्ये बसल्या-बसल्या सुचली. दरवर्षी जुलैत थेम्सवरचे हंस पकडून मोजतात आणि खुणा करून सोडतात. हा मान राजघराण्याचा आणि लंडनच्या दोन जुन्या व्यापारी संघांचा, व्हिंटनर्स आणि डायर्स यांचा. प्रार्थना चालू असताना बाहेर नदीवर जाणाऱ्या लोकांची वर्दळ त्याच्या कानावर येत होती, आणि तो आवाज चर्चच्या आतल्या पावित्र्याचाच भाग आहे असं त्याला वाटलं. चित्रात धक्क्यावर एक जण कापडी पिशवीत बांधलेला हंस घेऊन चालला आहे, बायका होडीतल्या गाद्या वाहताहेत, वर पुलाचा लोखंडी कठडा आहे. देव, देवदूत कुणीच नाही. तरीही हे धार्मिक चित्र आहे असं चित्रकार मानत होता, आणि त्याचं म्हणणं मान्य करायला हवं.

पण धर्मशास्त्राला इथे हरकत घेता येते, आणि हरकत हलकी नाही. योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवर भेटलेली शोमरोनी स्त्री येशूला विचारते की उपासना आमच्या डोंगरावर करायची की यरुशलेमात. येशू तिला सांगतो की दोन्हीकडे नव्हे, खरी उपासना आत्म्याने आणि सत्याने होते. चौथ्या शतकात न्यसाचा बिशप ग्रेगरी यरुशलेम पाहून आला आणि त्याने पत्रात यात्रेकरूंना बजावलं की जागा बदलल्याने माणूस देवाच्या जवळ जात नाही; वेद्यांवरूनच पाहायचं तर त्याच्या कप्पदोकियात कितीतरी वेद्या आहेत. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या राजवटीत इंग्लंडमधली तीर्थस्थळं उद्ध्वस्त करण्यात आली तीही याच तर्काच्या आधारावर, अर्थात त्यांच्या संपत्तीवर डोळा ठेवून. या नजरेने पाहिलं तर कुकममध्ये स्वर्ग पाहणं म्हणजे गावाची माया. ती गोड असेल, पण तिला धर्म म्हणता येणार नाही.

उत्तर त्याच परंपरेच्या पोटात आहे. ख्रिस्ती धर्माचं म्हणणंच असं आहे की सर्वव्यापी देव एका विशिष्ट स्त्रीच्या पोटी, एका विशिष्ट साली, नाझरेथ नावाच्या क्षुल्लक गावात वाढला. त्या गावातून काही चांगलं निघू शकतं का, अशी शंका शुभवर्तमानातच एकाने काढलेली आहे. पंडितांना ही गोष्ट नेहमी टोचत आली. सर्वांचा देव असा एकाच ठिकाणचा कसा? तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेला फ्रान्सिस्कन तत्त्वज्ञ डन्स स्कोटस म्हणत असे की प्रत्येक वस्तूत तिचं ‘हेच’पण असतं, झाड हे झाडांच्या जातीचा नमुना म्हणून अस्तित्वात नसतं, ते हेच एक झाड असतं. हे मानलं तर ‘सर्वत्र’ हा शब्द पोकळ होण्याचा धोका टळतो. सर्वत्र असणं म्हणजे प्रत्येक ठिकाणी, त्या-त्या ठिकाणच्या रीतीने असणं. कुकममध्ये ते कुकमसारखंच असणार, लोखंडी पूल आणि जाळीचे पडदे यांच्यासकट.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण स्पेन्सरचं आयुष्य या उत्तराची कसोटी घेतं.

पहिलं महायुद्ध आलं तेव्हा हंसांचं चित्र अर्धवट टाकून तो १९१५ साली वैद्यकीय दलात गेला. ब्रिस्टलच्या बोफर्ट रुग्णालयात, म्हणजे मूळच्या मनोरुग्णालयात, त्याच्या वाट्याला फरशी घासणं, कपडे निवडणं, चहाचे बंब भरणं ही कामं आली. तिथे डेझ्मंड चूट नावाचा तरुण कॅथलिक त्याला भेटत असे. त्याने स्पेन्सरला संत ऑगस्टिनचा एक विचार सांगितला: देव सतत कार्यमग्न असतो आणि तरी सतत विश्रांत असतो. घासणीच्या हाताला या विचाराने आधार दिला. पुढे मॅसिडोनियाच्या आघाडीवर पाठवणी झाली, मग पायदळात. भाऊ सिडनी १९१८ मध्ये मारला गेला. परतल्यावर हंसांचं चित्र त्याने १९१९ मध्ये पुरं केलं, पण लहानपणापासूनची कुकमची ती लख्ख जाणीव युद्धाने हिरावून नेली, अशी खंत त्याला आयुष्यभर राहिली.

त्या खंतीतून हॅम्पशरमध्ये बर्गक्लेअरचं प्रार्थनाघर उभं राहिलं. मॅसिडोनियात जडलेल्या आजाराने गेलेल्या लेफ्टनंट हेन्री सँडम याच्या स्मृत्यर्थ त्याच्या बहिणीने आणि मेव्हण्याने ते बांधवलं. १९२७ ते १९३२ या काळात स्पेन्सरने तिथल्या भिंती चित्रांनी भरल्या. युद्धाचं स्मारक, पण एकाही भिंतीवर लढाई नाही. फरशी घासणारा शिपाई आहे, धुतलेल्या कपड्यांची वाटणी आहे, गाद्या घालणं आहे, वॉर्डातल्या चहाबरोबरचे ब्रेड-जॅम आहेत. वेदीमागच्या मोठ्या भिंतीवर मेलेले सैनिक मॅसिडोनियाच्या मातीतून उठून आपापले पांढरे क्रूस ख्रिस्ताला परत करताहेत, आणि ख्रिस्त मधल्या अंतरावर, लहानसा, गर्दीतला एक असा बसला आहे. शेजारी खेचरंही मान वळवून उठू पाहताहेत. इथे कुकमचा मागमूस नाही. कुकममध्ये शिकलेली नजर मात्र जशीच्या तशी आहे, आणि ती घासणीच्या बादलीवरही चालते हे तिने दाखवून दिलं. ‘द रेझरेक्शन, कुकम’ हे चित्रदेखील त्याने कुकममध्ये रंगवलेलंच नाही. लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये, मित्राने दिलेल्या स्टुडिओत रंगवलं.

कुकममध्ये राहूनच त्याने कुकम गमावलं, तेही स्वतःच्या हाताने. १९२५ साली हिल्डा कार्लाइनशी लग्न झालं होतं. पुनरुत्थानाच्या चित्रात ती एकाहून अधिक ठिकाणी दिसते. पुढे गावातल्याच पॅट्रिशिया प्रीसचं वेड त्याला लागलं. १९३७ मध्ये हिल्डाशी त्याचा घटस्फोट झाला आणि चार दिवसांत त्याने पॅट्रिशियाशी लग्न केलं. ती त्याच्यासोबत कधी राहिली नाही, घर मात्र तिच्या नावावर गेलं होतं. हिल्डाला, आपल्या दोन मुलींच्या आईला, त्याने जे दिलं ते अन्यायाचं होतं, यावर पांघरूण घालायचं कारण नाही. दोन्ही स्त्रियांवर, आणि गावावरही, आपला सारखाच हक्क आहे असं तो धरून चालला. राणी आणि आर्चबिशप यांच्या वादातली वृत्ती इथे एका घरात शिरली. शेवटी १९३८ मध्ये तो गाव सोडून लंडनमधल्या एका भाड्याच्या खोलीत आला.

त्या खोलीत त्याने ‘क्राइस्ट इन द वाइल्डरनेस’ ही मालिका सुरू केली. वाळवंटातल्या चाळीस दिवसांसाठी चाळीस चित्रं करायची होती, मोजकीच झाली. एकात ख्रिस्त तळहातावर विंचू घेऊन बसला आहे. दुसऱ्यात तो रांगत्या मुलासारखा हातापायांवर ओणवा होऊन डेझीची फुलं पाहतो आहे. भलामोठा देह, आणि समोर गवतातली चिमुकली फुलं. गाव गेलं, घर गेलं, अब्रू गेली, आणि तरी नजर गेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्याला स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीवरच्या पोर्ट ग्लासगोला जहाजबांधणी रंगवायला पाठवलं. तिथल्या टेकडीवरच्या स्मशानाजवळ त्याला पुन्हा पुनरुत्थान दिसलं आणि १९४५ ते १९५० या काळात त्याने त्याची चित्रमालिका केली. आता उठत होती ती क्लाइडकाठची गोदी कामगारांची कुटुंबं.

एक उणीव मात्र राहते. कुकमच्या पुनरुत्थानात डाव्या बाजूला काळ्या वर्णाच्या माणसांचा एक गट जमिनीतून उठताना दाखवला आहे. पुनरुत्थान गावापुरतं नाही, सगळ्यांचं आहे, हे सांगण्याची ती धडपड. हेतू चांगला आहे. पण हिल्डा ही हिल्डाच आहे, चित्रातला स्पेन्सर स्पेन्सरच आहे; ती माणसं मात्र कुणीही असू शकतील अशी आहेत. ज्यांच्यासोबत तो राहिला नाही, त्यांना ‘हेच’पण देणं त्याला जमलं नाही. जवळच्यावर जीव लावणाऱ्या धर्माची ही हद्द आहे, आणि ती चित्रातच स्पष्ट दिसते.

१९३० च्या दशकात कुकमच्या गावकऱ्यांनी जागेविषयी एक वेगळा निर्णय घेतला. कुकम मूर, कॉक मार्श आणि आसपासची सामाईक गायरानं हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून स्थानिक लोकांनी पैसे जमवून ती मिळवली आणि १९३४ साली नॅशनल ट्रस्टच्या हवाली केली. कॉक मार्शवर कांस्ययुगातल्या माणसांच्या दफनाचे उंचवटे आहेत. किनेथ्रिथच्या मठाहून हजारो वर्षं जुने. तिथे गुरं चरतात, पूर आला की पाणी पसरतं, आणि कुणालाही चालत जाता येतं.

स्पेन्सर तेव्हा गावातच होता. मोडक्या बाबागाडीत रंग आणि कॅनव्हास घालून तो या माळावर आणि गल्ल्यांत हिंडत असे आणि निसर्गचित्रं काढत असे, कारण तीच खपत. १९३७ मध्ये, घटस्फोटाच्या वर्षी, त्याने ‘कुकम मूर’ रंगवलं. अशा चित्रांना तो पोटासाठीची वेठ मानत असे. त्यातला वेळ धार्मिक चित्रांतून चोरला गेला असं त्याला वाटे. याबाबतीत त्याच्याशी सहमत होता येत नाही. त्याच्या निसर्गचित्रांत खाजऱ्या नेटलचं एकेक पान, कुंपणाची एकेक तार सुटी आणि स्वतंत्र रंगवलेली असते. विंचवाकडे आणि डेझीकडे ओणवं होऊन पाहणारा डोळा तो हाच होता, आणि विकण्यासाठी काढलेल्या माळावरही तो तसाच ओणवा झालेला दिसतो.